सूर्य फुकट, सावली विकत

सोलापुरात राहून पाणी तापवायला पैसे मोजणं म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ उसनं आणणं, असं मी निवृत्त झाल्यापासून भेटेल त्याला ऐकवत असे. पहिल्यांदा लोक हसायचे. नंतर मान डोलवायचे. पुढे पुढे मी कोपऱ्यावर दिसलो की समोरच्या फुटपाथवर त्यांचं काहीतरी काम निघायचं.

पण सांगा, माझं चुकत काय होतं? इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला येतं तेव्हा गार तोटी कुठली आणि गरम कुठली हे रंगीत टिकली बघूनच कळतं. अशा गावात दर महिन्याला विजेचं बिल भरताना माझ्यातला भूगोलाचा मास्तर तळमळायचा. उभी हयात मुलांना सूर्य, पृथ्वी, अक्षांश, अयनदिन शिकवण्यात गेली, आणि स्वतःच्या न्हाणीघरात पंचवीस लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर!

आमच्या लहानपणी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात गोवऱ्या, ढलप्या, नारळाच्या शेंड्या घालायच्या, खालच्या जाळीतून राख काढायची, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम यायचं. डोळ्यांतून पाणी यायचं ते वेगळं. बंबाने कधी कुणाला अक्षांश विचारले नाहीत. तो बंब आमच्या माळ्यावर पडून होता. सोलरच्या खर्चाला हातभार म्हणून मी तो तांब्याच्या भावाने मोडीत काढायला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "राहू द्या. खायला मागतोय का तो?"

मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं तर २५०० किलोकॅलरी लागतात. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. भागाकार केला की तीनला जरा कमी, एवढी युनिटं येतात. आणि आपल्या भागात सूर्य गच्चीच्या एकेका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाचेक युनिटं ओततोय, तेही बिल न पाठवता. मग मी इतिहासात शिरलो. १७६७ साली जिनिव्हाच्या सोश्युर नावाच्या शास्त्रज्ञाने काचेची झाकणं लावलेली पेटी उन्हात ठेवून आतली हवा पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे तापवली होती. १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने सूर्यावर चालणाऱ्या बंबाचं पेटंट घेतलं. इस्राएलने तर १९८० मध्ये कायदाच केला की नव्या घरावर सोलर बंब हवाच. आणि आपण?

"तिथे गच्चीवर कुरडया घालतात का?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न मला त्या वेळी गैरलागू वाटला.

सोलरवाला आला. त्याने दोन प्रकार दाखवले. एक चपट्या पेटीचा: काचेखाली काळा पत्रा आणि त्याला चिकटवलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. दुसरा काचेच्या नळ्यांचा. "बोअरचं पाणी आहे ना सर? मग नळ्यांचाच घ्या," तो म्हणाला. कारण खरं होतं. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना इतका, की पातेल्यात उकळलं तर तळाला पांढरी साय धरते. पाणी जितकं तापेल तितका तो चुना बाहेर पडतो आणि तांब्याच्या बारीक नळ्या काही वर्षांत गच्च होतात. काचेची नळी रुंद असते, तिला त्यामानाने कमी त्रास. शिवाय ती नळी दुहेरी असते आणि दोन काचांच्या मध्ये पोकळी, त्यामुळे आत आलेली उष्णता बाहेर जात नाही. "थर्मासचं तत्त्व," मी त्याला मध्येच थांबवून सांगितलं, "ड्यूअरने १८९२ मध्ये शोधलं." त्याने "हो का" म्हणून पुढच्या पानावर दोनशे लिटरचा आकडा दाखवला. नळीच्या तळाला आरशासारखा चकचकीत भाग असतो. पोकळी फुटून हवा शिरली की तो पांढराफटक पडतो, म्हणजे नळी गेली हे दुरून कळतं. ही त्याने दिलेली माहिती मला नवी होती, म्हणून मी ती मान्य केल्याचं दाखवलं नाही.

"टाकीत विजेची कॉइल टाकून देऊ का? ढगाळ दिवसांसाठी?"

"सोलापुरात?" मी म्हणालो. आणि इतका हसलो की तो बिचारा पावतीपुस्तक काढायला लागला. त्याच आवेशात मी गिझर भिंतीवरून उतरवला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला.

राहिला जागेचा प्रश्न. आमच्या गच्चीच्या मधोमध जिन्याची खोली आहे, आठ फूट उंच. तिच्या दक्षिणेला मोकळी, लख्ख गच्ची. उत्तरेला मागे एक पट्टा. दक्षिणेकडच्या गच्चीवर मार्चपासून कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड, मिरच्या आणि वर्षाचं धान्य असा कारभार चालतो, आणि त्या कारभारात मला फक्त कावळे हाकलण्यापुरता प्रवेश आहे. म्हणून मी उत्तरेचा पट्टा निवडला. घरात शांतता आणि गच्चीवर सूर्य, दोन्ही साधत होतं.

प्लंबर माझाच विद्यार्थी निघाला. पाया पडला. मग पट्ट्यावर उभं राहून त्याने जिन्याच्या खोलीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "सर, हितं थंडीत सावली येती बगा."

भूगोलात याला काठावर पास केल्याचं मला आठवत होतं. मेचा दुसरा आठवडा चालू होता. मी म्हटलं, चल, तुला प्रयोगच दाखवतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर, म्हणजे या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जाणार. शून्य सावलीचा दिवस. तोही घड्याळातल्या बाराला नाही, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण शहात्तरच्या अलीकडे. तेव्हा बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. स्टीलचा पेला त्या पट्ट्यावर पालथा ठेवला. दोघं उन्हात उभे राहिलो. पेल्याची सावली आकसत आकसत पेल्याखाली गेली. जिन्याच्या खोलीची सावली भिंतीच्या बुडाशी गडप झाली.

"कुठाय सावली?" मी विचारलं.

"न्हाई बगा," तो म्हणाला. "तुमी म्हणताव तसं." आणि रूमालाने टक्कल पुसत त्याने स्टँडचे बोल्ट आवळायला घेतले. दक्षिणेला तोंड, अक्षांशात दहा-पंधरा अंश मिळवून उतार, नळ्यांच्या डोक्यावर टाकी. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि गार खाली उतरतं, त्यामुळे पंप लागत नाही. मी त्याला हेही समजावून सांगितलं. त्याने असे बंब गावभर बसवले होते, पण ऐकून घेतलं.

पहिल्या दिवसापासून सोलर चालला. चालला म्हणजे काय, उधळला. मेमध्ये संध्याकाळी टाकीतलं पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर, आणि घरात सगळे गार पाण्याने आंघोळ करणारे. दोनशे लिटर कढत पाणी घेऊन मी बसलो होतो आणि घ्यायला कुणी नव्हतं. शेजारच्या वकिलांना बादलीभर देऊ केलं, तर ते म्हणाले, "सर, बर्फ असेल तर बघा." शेवटी भांडी कढत पाण्याने धुतली जाऊ लागली. पायपुसणी धुतली. एक दिवस मी सायकल धुतली.

त्याच सुमारास मेहुणे लग्नासाठी आले. सकाळी संडासात गेले आणि आतून असा आवाज आला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. झालं होतं असं, की न्हाणीघरातल्या मिक्सरच्या गार आणि गरम दोन्ही तोट्या कुणीतरी उघड्या ठेवल्या होत्या आणि पुढचा हातशॉवर बंद होता. मग तिथल्या तिथे दोन्ही लाइनी एक झाल्या, आणि संडासातला जेट दाबला की गार नळीतून सोलर यायचा. यावर उपाय असतो. एका बाजूलाच पाणी सोडणारा झडपेचा व्हॉल्व्ह लावायचा. प्लंबरने तो लावा म्हटलं होतं आणि मी खर्च वाचवला होता. मेहुणे नंतर पुष्कळ दिवस आमच्याकडे आले नाहीत, आणि आले तेव्हा आधी बादलीत हात घालून बघायला लागले.

जूनच्या तोंडावर बोअरची मोटर जळाली. टाक्या कोरड्या पडल्या. मोटरवाल्याने ती रिवाइंड करून परत बसवेपर्यंत सोलरही रिकामा, आणि त्याच्या काचा उन्हात तळपत राहिल्या. मोटर सुरू झाली ती टळटळीत दुपारी. मला हर्ष झाला. मी गच्चीवर धावलो आणि सोलरचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने पूर्ण उघडला.

रिकामी नळी भर उन्हात दोनशे अंशांच्या वर जाते. हे मी पुढे वाचलं. त्या क्षणी मला फक्त आवाज ऐकू आले: फट्, फट्, थांबून एक फटाक्, मग माळच लागली. वकील हातात वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या गच्चीवर आले. "सर, निकाल लागला का कुणाचा?" अर्ध्याहून अधिक नळ्या गेल्या होत्या आणि वाफाळणारं पाणी पन्हाळीतून थेट त्यांच्या दुचाकीच्या सीटवर पडत होतं.

प्लंबर आला, काचा गोळा केल्या. "दुपारी सोडत्यात व्हय सर पानी? पहाटं सोडायचं. न्हाईतर वर पोतं झाकून, गार करून." मी त्याला तापलेल्या काचेच्या असमान आकुंचनाबद्दल सांगणार होतो. पण त्याच्या हातात नळीचा टोकदार तुकडा होता, म्हणून नाही सांगितलं.

नव्या नळ्या बसल्या. पावसाळ्यात कोमट पाणी मिळालं, त्याची कुणाची तक्रार नव्हती. दिवाळीपर्यंत सगळं झकास. नरक चतुर्दशीला पहाटे चारला सगळं घर अभ्यंगाला तयार, पाणी आदल्या दुपारचंच पण जाड अस्तराच्या टाकीत रात्रभर तसंच राहिलेलं, कढत. मी प्रत्येकाला उटणं लावून झाल्यावर विचारत होतो, "कसं आहे पाणी?" एकच जाच होता. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंतची नळी लांबलचक. पाऊण इंची नळीत मीटरमागे पाव लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हणजे रात्रभर भिंतीत गारठलेलं अर्धी बादली पाणी बाहेर पडल्याशिवाय गरमाचा थेंब नाही. सूर्याचा प्रकाश पंधरा कोटी किलोमीटर ओलांडून आठ मिनिटं वीस सेकंदांत आमच्या गच्चीवर येतो. गच्चीवरून माझ्या तांब्यात यायला, तोटी बारीक सोडली असेल तर, त्याला आणखी तीन-चार मिनिटं लागतात, आणि त्या वेळात माणूस पंचा नेसून उकिडवा बसलेला असतो. त्यामुळे आमच्या घरात सौजन्य फार वाढलं. "तुम्ही घ्या आधी." "छे छे, तू घे, तुला कॉलेज आहे." पहिला नंबर अखेर घरातल्या निवृत्त माणसाला मिळाला. ते अर्धी बादली पाणी तुळशीला जायचं. थंडीत तुळस सडली, तेव्हा ते फरशीला जाऊ लागलं.

डिसेंबर लागला आणि पाणी कोमटलं. मला वाटलं क्षार. मग वाटलं नळ्यांचे तळ पांढरे पडले असतील, म्हणून सकाळी सकाळी गच्चीवर जाऊन वाकून वाकून ते तपासले. सगळे चकचकीत. उन्हात उभा राहिलो तर थंडी वाजत होती, कारण मी उन्हात नव्हतोच. मान वर केली तर जिन्याची खोली, आणि तिच्यामागून कुठेतरी सूर्य.

डिसेंबरच्या शेवटी सोलापुरात भर मध्यान्हीसुद्धा सूर्य एकोणपन्नास अंशांच्या वर चढत नाही. आठ फुटांच्या भिंतीची सावली त्या वेळी सात फूट पडते, सकाळ-दुपार त्याहून लांब. स्टँड भिंतीपासून पाच फुटांवर. हे गणित मी नववीच्या मुलांना फळ्यावर कित्येकदा घातलं आहे. त्यात भिंतीच्या जागी झाड असायचं, एवढाच फरक. मेमध्ये प्रयोग करताना माझ्याजवळ पेला होता, सूर्य होता, रेखांश होते. सूर्य डिसेंबरात मकरवृत्तावर जातो, हे मात्र प्लंबरजवळ होतं.

घरात मी सांगितलं, "ढग आहेत वरच्या थरात." बायकोने खिडकीतून निळंभोर आभाळ बघितलं आणि काही न बोलता गॅसवर पातेलं चढवलं.

निभावलं असतं, पण जानेवारीत गड्डा आला. सिद्धेश्वराची यात्रा. लातूरचे साडू सहकुटुंब, पुण्याची भाची आणि तिच्या मैत्रिणी, सगळी मंडळी अक्षता सोहळा बघायला आमच्याकडे उतरली. मी दिवाळीतच फोनवर निमंत्रण देऊन ठेवलं होतं: "बिनधास्त या, आमच्याकडे गरम पाणी चोवीस तास!" घरात माणूस मावेना. साडू तर बाराबंदी शिवून आणलेले, नंदीध्वजांबरोबर चालायचं म्हणून. पहाटे पाचला ते न्हाणीघरात गेले. नळीतलं गार पाणी जाऊ द्या, मग गरम येतं, असं मी बाहेरून समजावत होतो. ते जाऊ देत होते. जाऊ देतच होते. बऱ्याच वेळाने आतून शांत आवाज आला, "भाऊसाहेब, तुमचा सूर्य अजून उठला नाही वाटतं."

गिझर भंगारात. कॉइल बसवलेली नाही. गॅसवर एक पातेलं आणि बाहेर पंचे घेतलेली रांग. मी गच्चीवर जाऊन यावं का, या विचारात होतो, म्हणजे तिथे करण्यासारखं काही नव्हतं पण निदान खाली नसतो. तेवढ्यात माळ्यावरून खडखडाट झाला. बायको आणि भाचीने मिळून बंब खाली उतरवला होता. चिंचेने घासलेलाही होता. कधी घासला, हे मी विचारलं नाही.

मागच्या अंगणात बंब पेटला. नारळाच्या शेंड्या, जुन्या खोक्यांच्या फळ्या, माझ्या सोलरबरोबर आलेली लाकडी क्रेट, सगळं त्यात गेलं. भाची त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. तिच्या मैत्रिणी धुराचा वास किती छान म्हणत होत्या. साडू दोन घंगाळी कढत पाणी घेऊन न्हाले, बाराबंदी चढवली आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बंब फक्कड आहे हो तुमचा." अक्षतेहून परत येईतो ही गोष्ट लातूरला पोचली होती.

संक्रांतीचा गूळ घेऊन प्लंबर आला. स्टँड दक्षिणेकडे न्यायचं, एवढंच मी म्हणालो. पुढे काय ते तो बोलला नाही. गुणी मुलगा. दोन गुण वाढवून पास केलं होतं, ते कमीच पडले असं मला वाटलं. पण दक्षिणेकडची गच्ची म्हणजे कुरडयांचं राज्य, आणि तिथे मागणी घालायला मला जायचं होतं. मी तयारी केली. कुरडयांचा हंगाम मार्च ते मे, गरम पाण्याची गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर सामायिक वापराच्या तत्त्वावर काही तोडगा निघतो का, स्टँडला चाकं लावता येतील का, असं कागदावर मांडलं.

"चाकं कशाला?" ती म्हणाली. "न्या की इकडे. कुरडया मी मागच्या पट्ट्यावर घालीन."

"तिथे सावली असते."

"थंडीत असते. मार्च सरला की भिंतीपासून दोन-अडीच फुटांत येते आणि मेमध्ये उरतच नाही. दर वर्षी बघते ना मी. पाट टाकून बसायला दोन फूट सावलीही मिळेल."

"मग मी तिथे सोलर बसवत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही पेला घेऊन उभे होतात," ती म्हणाली. "मला वाटलं शाळेचं काहीतरी असेल."

प्लंबरने रूमाल डोळ्यांना लावला. ऊन लागलं म्हणाला. मग दोन दिवसांत स्टँड हलवलं, न्हाणीघरापर्यंतची नळी जवळून काढून तिच्यावर काळं फोमचं वेष्टण चढवलं, झडपेचा व्हॉल्व्ह बसवला, आणि सोलरवाल्याला सांगून टाकीत कॉइलही टाकून घेतली. बिल बायकोच्या हातात दिलं. पाणी आता फेब्रुवारीच्या पहाटेही कढत येतं, हे मी तटस्थपणे नोंदवतो. विजेचं बिल खरोखर उतरलं आहे. काचा, मोटर, दोनदा केलेलं प्लंबिंग आणि वकिलांच्या दुचाकीचं सीट एवढं वजा केलं तर सोलरचे पैसे कधी फिटतील याचा हिशेब मी भिंतीवर मांडायला घेतला होता, पण भिंतीला नुकताच रंग दिलाय म्हणून मला खडू मिळाला नाही.

परवा प्लंबर पुन्हा दारात. जुळे सोलापुरात एका बंगल्यावर सोलर बसवायचा आहे, जागा कुठली घ्यावी ते कळेना. मी चष्मा घातला, पेला शोधायला आत वळलो.

"तसं न्हाई सर," तो अवघडून म्हणाला. "काकू मोकळ्या हायत्या का? जरा येऊन बगितल्या असत्या."

बायको पदर खोचून निघालीसुद्धा. जाता जाता मला सांगून गेली की सोलरची टाकी वर्षातून एकदा तरी रिकामी करून तळाचा चुना काढायचा असतो, तेवढं करून ठेवा, आणि पाणी परत सोडाल ते उद्या पहाटे.